सारमेयविनोद : कुत्र्याला फिरायला नेण्याचा आपल्याकडचा इतिहास

नांदेड-लातूरकडं कुणाला सांगितलं की कुत्र्याला घेऊन फिरायला जाणं हा आपल्या मुलखातला किमान नऊशे वर्षं जुना षौक आहे, तर लोक हसतात. "हे फ्लॅटवाल्यांचं खूळ. पुण्या-मुंबईहून आलं आणि तिकडं ते इंग्रजांकडून आलं," असं उत्तर ठरलेलं. पट्टा, हार्नेस, खांद्यावरची पाण्याची बाटली हे सगळं नवीन आहे, मान्य. पण माणसानं कुत्र्याबरोबर चालावं आणि त्यात त्याला मजा वाटावी, ही गोष्ट नवीन नाही. तिचे पुरावे आपल्या अगदी जवळ आहेत.

आता प्रश्न असा, की कुत्र्याचा इतिहास शोधायचा कुठं? गाईची, बैलाची, घोड्याची नोंद कुठं ना कुठं सापडते, कारण त्यांची खरेदी-विक्री होते, त्यांच्यावर कर लागतो. कुत्र्याची दफ्तरं नसतात. मी मूळची प्राणिशास्त्राची. प्रयोगशाळेत नमुना समोर असतो, इतिहासात तो गोळा करावा लागतो. म्हणून मी चार ठिकाणी बघते : ग्रंथ, दगड, शब्द आणि खुद्द कुत्र्याचं शरीर. आजच्या लेखात या चारही ठिकाणी एकेक चक्कर मारू.

ग्रंथ : राजाच्या करमणुकीत कुत्री

लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की बीदर जिल्हा लागतो आणि त्यातच बसवकल्याण आहे. हेच जुनं कल्याणी, म्हणजे उत्तर चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात, साधारण ११३० च्या आसपास, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, असे एकूण शंभर अध्याय. राज्य कसं मिळवावं आणि टिकवावं इथपासून जेवणात काय असावं इथपर्यंत सगळं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात, ही नोंदसुद्धा याच ग्रंथात आहे, त्यामुळं मराठीच्या अभ्यासकांना तो चांगला माहीत असतो.

या ग्रंथाचा चौथा भाग आहे विनोदांचा. विनोद म्हणजे आजच्यासारखा जोक नाही. मन रमवायची गोष्ट, करमणूक, असा त्या काळचा अर्थ. हत्ती, घोडे, कुस्ती, कोंबड्यांच्या झुंजी, ससाणे, मासेमारी अशा यादीत एक प्रकरण आहे 'सारमेयविनोद'. सारमेय म्हणजे कुत्रा. सरमा ही वेदातली देवांची कुत्री आणि तिची संतती म्हणून सारमेय. कुत्री कशी निवडावीत, शिकारीवर कशी सोडावीत, हे सगळं तिथं आनंदाचा विषय म्हणून आलं आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला, तेव्हापासून तो छापील रूपात वाचायला मिळतो.

इथं एक गोष्ट नीट बघायला पाहिजे. राजा कुत्र्याला 'फिरवत' नव्हता. राजा शिकारीला जायचा, कुत्रं त्या कामात भागीदार असायचं आणि करमणूक त्या सोबतीत होती. आपण आज ज्याला वॉक म्हणतो, त्याचं हे जुनं रूप : दोघांना एकाच दिशेला जायचंय, आणि दोघांचंही काहीतरी काम आहे.

दगड : काळी नावाची शिकारी कुत्री

त्याच्याही मागं, दहाव्या शतकात जाऊ. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातलं कंधार हेही राष्ट्रकूटांच्या इतिहासातलं महत्त्वाचं ठिकाण, विशेषतः तिसऱ्या कृष्णाच्या काळातलं.

या तिसऱ्या कृष्णानं इ.स. ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. त्याच्या बाजूनं लढणारा गंग राजा दुसरा बूतुग. बूतुगाचा एक शूर सरदार होता मणलेर. लढाईनंतर राजा प्रसन्न झाला आणि म्हणाला, माग काय पाहिजे ते. मणलेरनं गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. त्यानं राजाकडची 'काळी' नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढं एका टेकडीवर काळीची एका मोठ्या रानडुकराशी झुंज लागली आणि दोघंही मेले. मणलेरनं तिच्यासाठी वीरगळ उभारला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. हा आतकूरचा शिलालेख. गाव कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातलं आणि दगड आज बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. त्या दगडावर कुत्री आणि डुक्कर समोरासमोर कोरलेले आहेत.

वीरगळ आपल्याकडं गावोगावी मारुतीच्या पाराजवळ टेकवून ठेवलेले असतात. तो मान लढून मेलेल्या माणसाचा असतो. तोच मान इथं एका कुत्रीला मिळाला. आणि मला त्या लेखातला दुसरा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या दगडाची पूजा ज्या पुजाऱ्याकडं सोपवली, त्याला लेखात 'गोरव' म्हटलंय. कर्नाटकात मैलाराचे, म्हणजे आपल्या खंडोबाचे, जे भक्त असतात त्यांना आजही गोरव म्हणतात. आपल्याकडं त्यांचेच भाऊबंद म्हणजे वाघ्ये.

खंडोबा, दत्त आणि नामदेव

खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रं असतं, हे तुम्ही देवघरात पाहिलंच असेल. खंडोबा म्हणजे मार्तंडभैरव आणि भैरवाबरोबर कुत्रा असतोच. वाघ्ये पूर्वी देवाचे कुत्रे होऊन भुंकायचे आणि कोटंब्यात वाढलेलं तसंच खाली तोंड घालून खायचे. माणसानं देवापुढं कुत्र्याची जागा घ्यायची, ही भक्तीची रीत होती.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्तंडाची मोठी यात्रा भरते, मार्गशीर्षाच्या शेवटी. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी गाई-बैल असा सगळा बाजार. आणि जिल्हा परिषदेच्या पशुप्रदर्शनात श्वानांचाही वेगळा मान. खंडोबाच्या यात्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन हे सरकारी योजनेत ठरलं असेल, पण त्याला देवाच्या पायाशी बसलेल्या कुत्र्याचा आधार आहे.

माहूरला जा. दत्तशिखरावर जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या घरी दत्ताची तसबीर असते आणि तिच्यात चार कुत्री असतात. ते चार वेद, असं सांगतात. आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात नामदेवांचं नरसी. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणत. ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कुत्र्यामागं माणूस धावतोय, हे आपल्या संतपरंपरेतलं सगळ्यात ओळखीचं चित्र आहे.

पण हे अर्धंच झालं. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं आणि त्यांची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवं, असा नियम आहे. म्हणजे कुत्रं बरोबर असणं ही गावाबाहेरच्या माणसाची खूण करून ठेवली. राजाच्या हातात साखळी असली तर विनोद. पारध्याच्या हातात असली तर संशय. कुत्रं एकच, फक्त साखळीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरायचं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, आणि पुढं अशा कायद्यांत फासेपारध्यांसारख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरल्या. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय गेला नाही. आजही पहाटे रानात कुत्रं घेऊन चाललेला माणूस आणि पहाटे कॉलनीत कुत्रं घेऊन चाललेला माणूस, यांच्याकडं बघायची नजर वेगळी असते. कुत्र्याबरोबर फिरण्याच्या सुखाचा इतिहास लिहायचा तर हे सोडून लिहिता येत नाही.

शब्द : कारवान आणि पश्मी

आता आपल्या भागातल्या कुत्र्यांकडं येऊ. उंच, सडपातळ, लांब तोंडाचं, आत ओढलेलं पोट, पाठीचा कणा धनुष्यासारखा. गावात कुणी त्याला 'कारवान' म्हणतं, कुणी 'कारवानी'. कान-शेपटीला लांब मऊ केस असतील तर 'पश्मी'.

दोन्ही शब्द फारसी. कारवान म्हणजे तांडा, काफिला. पश्म म्हणजे लोकर. पश्मिना शाल म्हणतो त्यातलाच. दख्खनमध्ये शतकानुशतकं फारसी ही दरबाराची आणि व्यापाराची भाषा होती आणि उत्तर-पश्चिमेकडून घोडे, व्यापारी, शिपाई येतच होते. मध्य आशियातला ताझी आणि अरबस्तानातला सलुकी यांच्याशी आपल्या कुत्र्याचा तोंडवळा इतका जुळतो की तांड्यांबरोबर ही कुत्री आली, ही लोकांमधली आठवण नावातच टिकून राहिली. आपल्याकडं लमाणांचे तांडे धान्य-मीठ वाहायचे, धनगर कळप घेऊन चालायचे. रात्री मुक्कामाला राखण आणि दिवसा सशाची शिकार, अशी दुहेरी कामं कुत्र्याला होती. चालणं हेच ज्यांचं आयुष्य, त्यांचं हे कुत्रं.

गंमत अशी की कृष्णेच्या खोऱ्यात याच कुत्र्याला 'मुधोळ' म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडर लोकांकडची ही शिकारी कुत्री पाहिली, त्यांची पैदास करवली आणि एक जोडी राजा पाचव्या जॉर्जला भेट दिली. तेव्हापासून ते नाव जगाला कळलं. आज कुत्र्यांच्या दोन राष्ट्रीय संस्थांपैकी एक याला 'कॅरव्हान हाउंड' म्हणते, दुसरी 'मुधोळ हाउंड'. २००५ मध्ये टपाल खात्यानं तिकीट काढलं ते मुधोळच्या नावानं. मुधोळजवळ कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे आणि लष्करानंही ही कुत्री तपासून बघितली.

आणि आपण? १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. मग ते मराठवाड्यात आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. कुत्र्यांना ही हद्द कुणी सांगितली नाही. देवणी गाय, लाल कंधारी, उस्मानाबादी शेळी यांची राष्ट्रीय जातींमध्ये नोंद आहे, आणि त्यामागं आपल्या शेतकऱ्यांची चिकाटी आहे. तीच चिकाटी कुत्र्याच्या बाबतीत दाखवायला आपण उशीर केला. नाव ज्यानं लिहून ठेवलं, त्याचं झालं.

शरीर : पळण्यासाठी बनलेलं जनावर

चौथा पुरावा कुत्र्याच्या अंगावरच असतो. कारवान हे वासावर नाही, नजरेवर शिकार करणारं कुत्रं. खोल छाती म्हणजे मोठी फुप्फुसं आणि मोठं हृदय. कमानदार कंबर म्हणजे पळताना पाठ स्प्रिंगसारखी दुमडायची आणि सुटायची. चारही पाय एकाच वेळी हवेत, असा त्याचा धावण्याचा ढंग. हे शरीर माळरानानं घडवलंय, जिथं झाडी विरळ आणि नजर लांबवर जाते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करणंही येतं. आणि ते योग्यच झालं, नाहीतर काळवीट आज फक्त चित्रात राहिलं असतं. पण त्या दिवशी एका कुत्र्याची पिढीजात नोकरी गेली, हेही खरं. काम गेलेलं जनावर दोनच प्रकारे जगतं : हौसेवर, नाहीतर चोरून. माळ नांगराखाली गेले, सोयाबीन आलं, रानं तारेच्या कुंपणात गेली. आज नांदेड-लातूरच्या बंगल्याच्या गेटमागं साखळीला बांधलेलं कारवान दिसतं ना, ते म्हणजे पार्किंगमध्ये उभी केलेली शर्यतीची गाडी. त्याला फिरायला नेणं ही चैन नाही. शरीराचं देणं आहे ते.

माळेगावच्या यात्रेत मी एका म्हाताऱ्या पशुपालकाला विचारलं होतं, "मामा, याला रोज फिरवता का?" त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "फिरवायचं काय त्यात, बाई? मी रानात जातो, ते येतंय संगं." मला वाटतं सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. तेव्हा माणूस आपल्या कामाला निघायचा आणि कुत्रं सोबत यायचं. आज माणूस कुत्र्यासाठी निघतो. म्हणजे उलट झालं. पहिल्यांदाच माणसाला स्वतःचं काही काम नसताना, फक्त दुसऱ्या जिवाच्या गरजेसाठी घराबाहेर पडावं लागतंय.

पट्टा : कुणाला आत, कुणाला बाहेर

पट्टाही तसा जुना आहे. सौदी अरेबियात शुवैमिस आणि जुब्बा इथल्या खडकांवर शिकाऱ्याच्या कमरेपासून कुत्र्याच्या गळ्यापर्यंत रेघ कोरलेली चित्रं आहेत. ती आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीची असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. तिथं पट्टा सोबतीचा होता. शहरात त्याला दुसरा अर्थ आला : पट्टेवालं कुत्रं आपलं, बिनपट्ट्याचं कुणाचंच नाही.

याची किंमत मुंबईनं १८३२ मध्येच बघितली. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची आणि प्रत्येक कुत्र्यामागं आठ आणे द्यायचे, असा कंपनी सरकारचा नियम होता. आठ आण्यांच्या लोभानं पोलीस घराच्या दारातली कुत्रीही मारायला लागले. पारशांसाठी कुत्रा पवित्र. ६ जूनला त्यांनी दुकानं बंद केली, मारामारी झाली, हिंदू-जैनही सामील झाले, कुलाब्याच्या छावणीची रसदही अडवली. शेवटी मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर नेऊन सोडायचं ठरलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांवरून देशभर जो वाद झाला, तो १९३ वर्षांनी तसाच होता : मारायची, उचलून न्यायची, की नसबंदी आणि लस देऊन जागेवर सोडायची? रेबीज खरा आहे, चावणं खरं आहे, लेकरांची भीती खरी आहे. कुत्र्यावरचं प्रेम हे त्याचं उत्तर नाही. लस हे उत्तर आहे, आणि ती पट्टेवाल्याला आणि बिनपट्टेवाल्याला सारखीच लागते.

आपल्या शहरांतली उद्यानं हा याचाच पुढचा अंक. लातूरचा नाना-नानी पार्क असो की नांदेडचं विसावा उद्यान, बागा तयार झाल्या त्या ज्येष्ठांसाठी आणि लेकरांसाठी. आधीच जागा कमी. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हिरवळ हीच मोठी गोष्ट. तिथं कुत्र्याला जागा मागणं लोकांना आगाऊपणा वाटला तर नवल नाही. म्हणून कुत्रेवाले जातात नदीच्या घाटाकडं, कॉलेजच्या मैदानाकडं, नव्या लेआउटच्या रिकाम्या रस्त्यांकडं.

मग सुख कशात आहे?

विज्ञानाकडून थोडं उत्तर मिळतं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साठ लाखांच्या आसपास. कुत्र्यात जातीप्रमाणं दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत. नजरेवर शिकार करणारं कारवानही खांबापाशी थांबतंच. आपल्याला वाटतं उगाच वेळ घालवतंय. ते खरं म्हणजे पेपर वाचत असतं : रात्री कोण येऊन गेलं, कोण आजारी आहे, कुणाला पिल्लं होणार आहेत. २०१९ च्या एका प्रयोगात दिसलं की ज्या कुत्र्यांना काही दिवस नाकानं शोधायचे खेळ दिले, ती अनोळखी गोष्टीकडं जास्त आशेनं जाऊ लागली. फक्त मालकाच्या पायाशी चालायला शिकवलेल्या कुत्र्यांत तो फरक दिसला नाही. म्हणजे ओढत नेलेल्या दोन किलोमीटरपेक्षा हुंगत केलेला अर्धा किलोमीटर बरा. आणि २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की माणूस आणि कुत्रा एकमेकांकडं बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि लेकरात जे होतं, त्याच जातीचं हे.

मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापेवर अंग थंड करतं. तेव्हा पाठीमागचा हात डांबरावर टेकवून बघा. पाच-सात सेकंद टिकला नाही तर परत फिरा. फिरायची वेळ पहाटेची, कोंबडा आरवायच्या आसपासची. आणि त्या वेळी शहर जे दिसतं ते इतर कुणाला दिसत नाही : दूधवाले, सफाई कामगार, पेपरवाली पोरं, गुरुद्वाऱ्याकडून येणारा पहाटेचा आवाज. कुत्रं बरोबर असलं की अनोळखी माणसं बोलतात. नाव विचारतात, आधी कुत्र्याचं आणि मग कधीतरी तुमचं.

सोमेश्वरानं याला विनोद म्हटलं, मणलेरनं त्याच्यासाठी दगड उभारला, माळेगावच्या मामांना त्यात वेगळं सांगण्यासारखं काही वाटलं नाही. तिघांच्या बोलण्यात एक गोष्ट समान आहे : कुत्रं सोबतीला आहे. आज आपल्या हातात दोन कामं आहेत. एक, कारवान आणि पश्मीची नोंद त्यांच्या घरच्या नावानं व्हावी, आणि ती पाळणाऱ्या माणसांच्या नावासकट व्हावी. दोन, शहरात एखादा कोपरा असा असावा, कुंपण घातलेला, लस टोचल्याचं कार्ड दाखवून आत जाता येईल असा, जिथं पट्टा सोडता येईल. फार मोठी जागा नको. या कुत्र्याला पूर्ण वेगात यायला मोजकी पावलं पुरतात, आणि एकदा ते सुटलेलं बघितलं की नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाला यात काय सापडलं होतं, हे कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही.